परदेशात इंग्रजी शिकवण्याची सरकारी नोकरी: भारतीय शिक्षकांसाठी कोणती दारं उघडी आहेत?

'परदेशात इंग्रजी शिकवा, राहणं फ्री, विमानाचं तिकीट फ्री, पगार लाखात.' अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. खाली कमेंट्समध्ये शेकडो लोक 'इंटरेस्टेड' लिहितात आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप नंबर टाकतं.

रीलमधली माहिती सगळीच खोटी असते असं नाही. जपान, दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि अमेरिका इथल्या सरकारांनी खरोखरच इंग्रजी शिक्षकांसाठी योजना चालवल्या आहेत. पगार सरकारी पैशातून मिळतो, कागदोपत्री करार होतो आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. पण या योजना कुणासाठी आहेत, हे रीलमध्ये सांगितलं जात नाही. दहा वर्षं वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवलेल्या नाशिकच्या किंवा लातूरच्या शिक्षकाला यातल्या काही योजनांत प्रवेशच नाही, कारण त्याच्या पासपोर्टवर भारत लिहिलंय. काही योजनांत मात्र प्रवेश आहे आणि ते अनेकांना माहीत नाही.

म्हणून एकेक योजना समजून घेऊया.

सरकारं इंग्रजी शिक्षक परदेशातून का आणतात?

जपान आणि कोरियामध्ये मुलं शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात. व्याकरण येतं, परीक्षेत मार्क मिळतात, पण बोलायची वेळ आली की अडतं. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलांना हा अनुभव नवीन नाही. यावर उपाय म्हणून तिथल्या सरकारांनी ठरवलं की वर्गात स्थानिक शिक्षकाच्या जोडीला इंग्रजी सहज बोलणारी परदेशी व्यक्ती असावी.

अमेरिकेचं गणित उलटं आहे. ती आपले शिक्षक बाहेर पाठवते. जगभरच्या विद्यापीठांत अमेरिकन शिक्षकांनी इंग्रजी शिकवावं आणि त्यातून देशाबद्दल आपुलकी निर्माण व्हावी, हा परराष्ट्र धोरणाचाच भाग आहे.

म्हणजे योजना दोन प्रकारच्या आहेत. एका प्रकारात शिक्षक 'बोलावणारं' सरकार पैसे देतं, दुसऱ्या प्रकारात 'पाठवणारं'. भारतीय शिक्षकाने पहिली गोष्ट ही बघायची.

अमेरिकेचा फेलो प्रोग्राम: नाव मोठं, पण आपल्यासाठी नाही

इंग्रजी शिक्षकांसाठीच्या सरकारी संधी शोधायला गेलं की 'इंग्लिश लँग्वेज फेलो' हे नाव हमखास येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा हा कार्यक्रम १९६९ पासूनचा. यात अनुभवी शिक्षकांना साधारण १० महिन्यांसाठी परदेशातल्या विद्यापीठांत किंवा शिक्षक प्रशिक्षण संस्थांत पाठवलं जातं. नुसती पदवी पुरत नाही, इंग्रजी अध्यापनातलं पदव्युत्तर शिक्षण आणि वर्गातला अनुभव अपेक्षित असतो.

पण अट स्पष्ट आहे: अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा. भारतीय नागरिकाने अर्ज करून उपयोग नाही. एखादा एजंट 'अमेरिकन फेलोशिपवर पाठवतो' म्हणत हे नाव घेत असेल, तर तिथेच थांबा.

दक्षिण कोरिया: करारातून उघडलेलं दार

भारतीय शिक्षकांच्या दृष्टीने सगळ्यात रंजक गोष्ट कोरियात आहे.

कोरियाचा 'एपिक' हा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राष्ट्रीय संस्था तो चालवते. यातून सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमले जातात. या शिक्षकांसाठी ई-२ नावाचा व्हिसा असतो आणि तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही.

तरीही भारतीयांना संधी आहे. भारत आणि दक्षिण कोरियात ऑगस्ट २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. त्याला 'सेपा' म्हणतात. हा करार मुळात व्यापाराचा. पण वस्तूंबरोबर सेवा आणि व्यावसायिकांची ये-जा हे विषयही त्यात आले. त्याच कलमांमुळे भारतीय इंग्रजी शिक्षकांना कोरियातल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत सहायक शिक्षक म्हणून काम करण्याची मुभा मिळाली.

अट मात्र कडक आहे. सात देशांच्या नागरिकाला कोणत्याही विषयातली पदवी आणि इंग्रजी अध्यापनाचं छोटं प्रमाणपत्र चालू शकतं. भारतीय अर्जदाराकडे पदवी तर हवीच, शिवाय इंग्रजी विषयाची शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता हवी. आपल्याकडे अमेरिकेसारखा 'टीचिंग लायसन्स' नावाचा वेगळा कागद नसतो. बी.एड.ची पदवी, त्यात इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेतल्याची नोंद असलेली गुणपत्रिका, टीईटीचं प्रमाणपत्र असे कागद एकत्र मांडावे लागतात. यातलं काय ग्राह्य धरलं जाईल, हे अर्ज भरण्याआधीच कार्यक्रमाच्या कार्यालयाला आणि मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाला लेखी विचारून घ्या.

काम कसं असतं? आठवड्याला २२ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि एकूण ४० तास शाळेत हजेरी. करार एक वर्षाचा, पुढे वाढवता येतो. पगार शिक्षण, अनुभव आणि प्रांत यानुसार ठरतो. महिन्याला २० लाख वॉनच्या पुढे. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. वॉन हे रुपयाच्या तुलनेत फार लहान चलन आहे, त्यामुळे त्या दिवसाचा दर लावूनच हिशेब करा. राहायला घर किंवा त्याऐवजी भत्ता मिळतो आणि सुरुवातीला प्रवेश भत्ता म्हणून १३ लाख वॉन. कोरियात पगाराइतकाच हा घराचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

आता सावध राहायची जागा. कोरियात 'हागवॉन' नावाच्या खासगी शिकवण्या गल्लोगल्ली आहेत आणि त्यांनाही परदेशी इंग्रजी शिक्षक हवे असतात. पण 'सेपा'मधून भारतीयांना मिळालेली मुभा शाळांपुरती आहे. भारतीय पासपोर्टवर हागवॉनमध्ये ई-२ व्हिसाची नोकरी लावून देतो असं कुणी म्हणत असेल, तर तो फसवतोय किंवा त्यालाच नियम माहीत नाहीत.

जपान: अनुभव नको, पण उच्चार हवा

जपानची 'जेट' योजना या सगळ्यांत प्रसिद्ध. १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन ती सुरू झाली. आता वर्षाला पाच हजारांहून अधिक लोक तिच्यात काम करतात. तीन मंत्रालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची एक परिषद मिळून ती चालवतात. नेमणूक मात्र गावाची किंवा प्रांताची संस्था करते. म्हणजे तुमचा मालक 'जपान सरकार' नसून तिथली नगरपालिका किंवा शिक्षण मंडळ असतं.

यातले बहुतेक लोक सहायक भाषा शिक्षक असतात. वर्गात मुख्य जपानी शिक्षक असतोच, हा सहायक त्याच्या जोडीने संवाद, खेळ, उच्चार घेतो. पदवी लागते. शिकवण्याचा अनुभव असला तर चांगलंच, पण सक्ती नाही. करार एका वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ४० लाख येन. विमानाचं तिकीट मिळतं, घराचं भाडं मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःच भरावं लागतं.

जेटमध्ये भारताचाही समावेश आहे. अर्ज दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत होतात. पण भारतासाठी जागा अगदी मोजक्या असतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांच्या संख्येशी तुलनाच नको. शरद ऋतूत अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुलाखती आणि उन्हाळ्यात रवानगी असं साधारण चक्र असतं. नेमक्या तारखा दूतावास दरवर्षी जाहीर करतो.

इथे पासपोर्टपेक्षा भाषेवर भर आहे. प्रमाण उच्चार, लय आणि आघात यांवर प्रभुत्व असावं असं नियमच सांगतात. मुलाखतीची तयारी करताना व्याकरणाइतकाच वेळ बोलण्याला द्या आणि 'जपानच का?' या प्रश्नाचं खरं उत्तर शोधून ठेवा.

अनुभवी शिक्षकासाठी एक कडू गोष्टही आहे. पंधरा वर्षं स्वतःचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला इथे सहायक म्हणून राहावं लागतं. शेजारच्या शाळेतला सहायक कदाचित नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला २२ वर्षांचा तरुण असेल आणि दोघांचा पगार सारखाच असेल.

हाँगकाँग: 'नेटिव्ह' कुणाला म्हणायचं?

हाँगकाँगने १९९८ मध्ये माध्यमिक शाळांसाठी आणि २००२ मध्ये प्राथमिक शाळांसाठी 'नेट' योजना सुरू केली. नेट म्हणजे 'नेटिव्ह-स्पीकिंग इंग्लिश टीचर'. जपान-कोरियापेक्षा हिचा बाज वेगळा होता. इथे खरोखरचे प्रशिक्षित शिक्षक हवे होते: पदवी, अध्यापनाचं प्रशिक्षण आणि इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची पात्रता. पगार सरकारी वेतनश्रेणीनुसार, शिवाय बाहेरून येणाऱ्यांना विशेष भत्ता आणि करार पूर्ण केल्यावर ग्रॅच्युइटी.

नावात 'नेटिव्ह' असलं तरी व्याख्येत पासपोर्टांची यादी नव्हती. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक किंवा त्या तोडीचं भाषिक कौशल्य असलेले लोक, अशी ती व्याख्या. त्यामुळे भारतीय शिक्षकासाठी दार बंद नव्हतं, फक्त कसोटी अवघड होती. अशा योजनांचं स्वरूप शालेय वर्षागणिक बदलतं, म्हणून अर्जाआधी हाँगकाँगच्या शिक्षण विभागाची चालू सूचना वाचणं आवश्यक आहे.

हा 'नेटिव्ह'चा वाद नेमका काय आहे?

भाषाशास्त्रात हा वाद जुना आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकात जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका वगैरे. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर असे देश, जिथे इंग्रजी वसाहतीतून आली आणि तिथलीच होऊन गेली. तिसऱ्या, विस्तारणाऱ्या वर्तुळात जपान-कोरियासारखे देश. कोरियाच्या व्हिसाची यादी बघितली तर ती जवळजवळ पहिल्या वर्तुळाचीच यादी आहे.

रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की 'मातृभाषा असलेलाच उत्तम शिक्षक' हा एक भ्रम आहे. स्वतः कष्टाने दुसरी भाषा शिकलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडेल हे आतून माहीत असतं. ज्याने आठवीत असताना 'हॅड बीन' पाठ केलंय, त्याला विद्यार्थ्याचं अडणं समजावून सांगावं लागत नाही.

पण व्हिसा अधिकारी भाषाशास्त्राचे पेपर वाचून शिक्का मारत नाहीत. म्हणून नियम काय आहेत ते बघूनच पुढे जायचं.

फुलब्राइट: इंग्रजीचा शिक्षक, शिकवणार मात्र हिंदी

अमेरिकेत जायचं असेल तर भारतीय इंग्रजी शिक्षकासाठी एक वेगळी योजना आहे, 'फुलब्राइट फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट'. भारतात ती युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन ही संस्था राबवते.

यात गंमत अशी की निवड इंग्रजीच्या तरुण शिक्षकांची होते, पण अमेरिकन विद्यापीठात गेल्यावर ते हिंदी, उर्दू, तमिळ अशा भारतीय भाषा शिकवतात. साधारण नऊ महिन्यांचा कालावधी, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास शिकवणं आणि सोबत प्रत्येक सत्रात स्वतःही काही विषय शिकणं. पदवी मात्र मिळत नाही. कोणत्या भाषांसाठी जागा आहेत, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेलं असतं.

वयाची अट इथे महत्त्वाची: २१ ते २९ वर्षं. म्हणजे दोन-तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणाला ही संधी आहे, पस्तिशीतल्या शिक्षकाला नाही.

शिवाय ही स्थायिक होण्याची वाट नाही. जे-१ व्हिसावर सरकारी निधीतून गेलेल्यांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. त्याआधी अमेरिकेत ग्रीन कार्ड किंवा एच-१बी मिळत नाही.

आपलं सरकार कुणाला पाठवतं?

केंद्रीय विद्यालय संघटनाच्या तीन शाळा भारताबाहेर आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. त्या भारतीय दूतावासांशी जोडलेल्या आहेत. तिथे इंग्रजीचे शिक्षकही लागतात, पण ते संघटनेच्या सेवेतल्या कायम शिक्षकांमधूनच निवडले जातात. बाहेरच्याने थेट अर्ज करायची सोय नाही. केंद्रीय विद्यालयात नोकरी करणाऱ्यांनी मात्र अंतर्गत परिपत्रकांवर लक्ष ठेवायला हवं. नोकरी न सोडता, सेवाज्येष्ठता न गमावता परदेशात काही वर्षं काढायची ही दुर्मीळ संधी आहे.

दुसरं नाव 'एडसिल'. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही सार्वजनिक कंपनी भूतानसाठी शिक्षक भरती करते. भूतानच्या शाळांत इंग्रजी हेच माध्यम आहे आणि भारतीय शिक्षकांनी तिथली आधुनिक शिक्षणव्यवस्था उभी करायला १९६० च्या दशकापासून हातभार लावलाय. पण अलीकडच्या जाहिराती प्रामुख्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक या विषयांच्या होत्या. इंग्लंडचंही तसंच. २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथली शिक्षक पात्रता मिळवण्याचा मार्ग खुला झाला, तो गणित, विज्ञान आणि परकीय भाषांसाठी, इंग्रजी विषयासाठी नव्हे.

जायचंच असेल तर तयारी काय करायची?

पहिलं काम अनुभवाच्या कागदांचं. आपल्याकडे अनेक शिक्षक विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काम करतात आणि हातात धड अनुभवपत्रही नसतं. परदेशी कार्यालयाला 'आमच्याकडे होते' असं एका ओळीचं पत्र चालत नाही. पूर्ण तारखा, इयत्ता, विषय, आठवड्याचे तास, सही, शिक्का आणि लेटरहेड हे सगळं हवं. शाळा सोडतानाच ते मागून घ्या. नंतर मुख्याध्यापक बदलतात, कधी संस्थाच बंद पडते.

दुसरं, अपोस्टिल. पदवीचा कागद खरा आहे हे सांगणारा हा आंतरराष्ट्रीय शिक्का. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. आधी राज्य पातळीवर कागदाची पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. यात काही आठवडे सहज जातात. निवड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी सुरुवात केलेली बरी. पदवी आणि पासपोर्टवरच्या नावात फरक असेल, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांच्या बाबतीत, तर तो आधी दुरुस्त करा.

तिसरं, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. शाळेत मुलांबरोबर काम असल्याने हे जवळपास सगळीकडे लागतं. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करता येतो. हे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीतलंच हवं असतं, म्हणून फार आधीही काढून ठेवू नका.

चौथं आणि सगळ्यात मोठं, सध्याची नोकरी. पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली अनुदानित शाळेतली जागा एका वर्षाच्या करारासाठी सोडायची का? संस्थेची आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी घेऊन बिनपगारी रजा मिळते का, जागेवरचा हक्क राहतो का, हे राजीनामा देण्याआधी विचारा. तोंडी 'जा, आम्ही बघतो' यावर विसंबू नका. परत आल्यावर तो शब्द देणारे पदाधिकारी त्या खुर्चीत असतीलच असं नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

काही साध्या खुणा लक्षात ठेवा.

- जेट आणि एपिक यांच्या अर्जाला शुल्क नाही. 'सीट बुकिंग', 'फाइल चार्ज' अशा नावाखाली पैसे मागितले की समजून जा.
- परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं.
- नोंदणीकृत एजंटही जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. दोन-तीन लाखांची मागणी बेकायदा आहे.
- 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो' हे वाक्य ऐकलं की विषय संपवा. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना पकडले गेलात तर एजंट नाही, तुम्ही अडचणीत येता.
- मूळ पदवी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

फसवणूक झालीच तर मुंबईत 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चं कार्यालय आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मग कुणी कुठे अर्ज करावा?

तिशीच्या आतले, इंग्रजी शिकवत असलेले आणि एखादी भारतीय भाषा उत्तम येणारे असाल, तर फुलब्राइटची जाहिरात बघा. बी.एड. इंग्रजी पद्धतीतून केलं असेल आणि सहायक म्हणून काम करायची तयारी असेल, तर कोरिया. बोलणं स्पष्ट आणि जपानबद्दल मनापासून ओढ असेल, तर जेट, जागा कमी आहेत हे गृहीत धरून. केंद्रीय विद्यालयात असाल, तर घरच्याच परिपत्रकाची वाट बघा. या कशातच बसत नसाल, तर रीलखाली 'इंटरेस्टेड' लिहू नका. तिथे तुमच्या उत्तराची वाट बघणारा माणूस बहुधा कोणत्याच सरकारचा नसतो.